घरगुती पेल्मेनीची वेगळी सारणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रशियन पेल्मेनी घरी करू पाहणाऱ्या मराठी वाचकांकडून सतत येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. विचारणारे मुख्यतः दोन प्रकारचे असतात. वैद्यकीय शिक्षणासाठी रशियात गेलेल्या आणि वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात मांसाखेरीज पारीत काय भरावे या विवंचनेत असलेल्या विद्यार्थ्यांचा एक गट आहे. दुसरा गट तिकडून परतल्यावर ती चव पुण्यात किंवा नागपुरात पुन्हा जमवू पाहणाऱ्यांचा. प्रश्न सोप्याकडून अवघडाकडे लावले असून, एकाच गोष्टीचे उत्तर दोनदा देण्याऐवजी संबंधित प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. पेल्मेनी म्हणजे नेमके काय? मोमोसारखेच ना?

दिसायला जवळचे, पण पदार्थ वेगळा. मोमो बहुधा वाफवतात आणि आकाराने मोठे करतात. पेल्मेन (हे एकवचन, पेल्मेनी हे अनेकवचन) एका घासात मावेल एवढाच असतो, त्यात खिमा कच्चा भरतात आणि तो पारीच्या आतच, उकळत्या पाण्यात किंवा रश्शात शिजतो. अर्धचंद्राची दोन टोके जवळ आणून एकमेकांवर दाबली की कानासारखा आकार येतो. नावही त्यावरूनच पडले आहे: उराल पर्वताच्या पश्चिमेकडील कोमी आणि उदमुर्त लोकांच्या भाषांत ‘पेल’ म्हणजे कान आणि ‘न्यान’ म्हणजे भाकरी. उदमुर्तियाची राजधानी असलेल्या इझेव्हस्क शहरात २००४ साली काट्यावर टोचलेल्या पेल्मेनचे स्मारकही उभारले गेले.

२. ‘वेगळे सारण’ म्हणजे कशापेक्षा वेगळे?

उरालकडील रूढ सारणात गोमांस, मेंढीचे मांस आणि डुकराचे मांस असे तीन प्रकार एकत्र करतात. ४५, ३५ आणि २० टक्के हे प्रमाण पाककृतींत पुन्हा पुन्हा आढळते. त्यात कांदा, मीठ, मिरपूड आणि बर्फगार पाणी, एवढेच. सायबेरियाच्या हिवाळ्यात शेकड्यांनी पेल्मेनी करून, बाहेरच्या थंडीत गोठवून, पोत्यांत भरून प्रवासाला नेत असत.

या मापाने मुळा, आंबट कोबी, अळंबी, नदीतील मासा ही सारणे वेगळी ठरतात. नवी मात्र ठरत नाहीत. त्यांतील बहुतेक उपवासातून, रानातून किंवा नदीतून आलेली आहेत, आणि त्यांच्यामागे हौसेपेक्षा अडचण अधिक आहे. उपाहारगृहांच्या यादीत ‘आगळेवेगळे’ म्हणून मिरवणारे पुष्कळसे प्रकार खेड्यातील आजीबाईंना नवे वाटणार नाहीत.

३. वारेनिकी, मांती आणि पोझी यांनाही पेल्मेनी म्हणता येईल का?

नाही. वारेनिकी युक्रेनी स्वयंपाकातील. आकाराने मोठी, करंजीसारखी सरळ अर्धचंद्राकृती, आणि त्यांचे सारण बहुधा आधीच शिजलेले असते किंवा चेरीसारखे फळ असते. मांती मध्य आशियातील असून ती वाफवतात. लाल भोपळ्याचे सारण तेथे नेहमीचे आहे. बुर्यात लोकांची पोझीही वाफेवरच होते आणि तिच्या माथ्यावर भोक ठेवतात. खालील उत्तरांत या शेजाऱ्यांची उसनवारी जेथे केली आहे, तेथे तसे सांगितले आहे.

४. सर्व सारणांना एकच कणीक चालते का?

दोन प्रकार हाताशी असले की भागते. कच्च्या मांसाच्या किंवा माशाच्या सारणासाठी ५०० ग्रॅम मैदा, १ अंडे, १ चहाचा चमचा मीठ आणि १८० ते २०० मिलिलिटर गार पाणी घेऊन घट्ट गोळा मळावा. पुरीच्या कणकेपेक्षाही तो किंचित घट्ट असावा आणि झाकून किमान अर्धा तास ठेवावा, नाहीतर लाटताना पारी मागे आखडते.

भाज्या, अळंबी किंवा शिजलेल्या सारणासाठी उकडीची कणीक बरी: ५०० ग्रॅम मैद्यावर ३ मोठे चमचे तेल आणि सुमारे २८० मिलिलिटर उकळते पाणी घालून आधी चमच्याने ढवळावे आणि हाताला सोसवेल तेव्हा मळावे. ही कणीक मऊ असते, सहज ताणली जाते आणि तिला अंडे लागत नाही. दोन्ही कणका दीड ते दोन मिलिमीटर जाडीच्या लाटून सुमारे ५ सेंटिमीटर व्यासाच्या चकत्या कापाव्यात. कडा धारदार असलेली वाटी किंवा लहान पेला यासाठी पुरतो.

५. खिम्याच्या पेल्मेनी नीट होतात, पण दुसरे काही भरले की उकळताना फुटतात. असे का?

सर्वाधिक वेळा आलेला प्रश्न हाच आहे, आणि वेगळ्या सारणांचे जवळजवळ सगळे अपयश याच्या उत्तरात सामावते. कच्चा खिमा मीठ घालून मळला की चिकट होतो आणि किलोमागे १०० ते १५० मिलिलिटर बर्फगार पाणी सहज धरून ठेवतो; शिजल्यावर तेच पाणी आत रस होऊन राहते. कोबी, मुळा, अळंबी किंवा हिरव्या पाल्यात पाणी भरपूर असते, पण ते धरून ठेवणारे काही नसते. मीठ लागताच ते सुटते, सारणाखालून पारीच्या कडेपर्यंत झिरपते, ओली कड बुळबुळीत होऊन चिकटत नाही, आणि उकळत्या पाण्यात वाफेच्या रेट्याने तीच जागा उघडते.

म्हणून पाणी आधी काढावे लागते. भाजीला मीठ लावून पिळावे, तेलावर परतून ओल उडवावी आणि सारण पूर्ण थंड करावे, कारण कोमट सारणालाही पारीच्या आत घाम सुटतो. एवढे करूनही ते मोकळे राहत असेल तर उकडलेला बटाटा किंवा शिजलेले धान्य घालून बांधून घ्यावे. पारख अगदी सोपी आहे: एका पारीवर चमचाभर सारण ठेवून दहा मिनिटे थांबावे आणि पारी उचलून पाहावी, तिच्या पाठीवर ओलसर डाग उमटला असेल, तर सारण अजून भरण्याजोगे झालेले नाही.

सगळा दोष पाण्याचाच नसतो. सारणाचे तेल कडेला लागले तरी कड चिकटत नाही. भुरभुरायचा मैदा पारीच्या खालच्या बाजूपुरताच असावा, आतल्या बाजूला नको. कड दाबण्यापूर्वी सारणाभोवतीची हवा बोटाने बाहेर काढावी, अन्यथा ती तापून फुगते.

६. मुळ्याचे सारण खरेच घालतात का? वास येत नाही का?

खरेच घालतात. उरालकडील पेर्म आणि उदमुर्तियाच्या भागात मुळ्याच्या पेल्मेनी हा जुना, विशेषतः उपवासाच्या दिवसांतील प्रकार आहे. पेर्ममध्ये मी भाड्याने राहत असताना घरमालकीणबाईंनी तो शिकवला. त्या काळ्या सालीचा, मुठीएवढा मुळा सोलून किसायच्या, मीठ लावून ताटलीखाली दाबून ठेवायच्या आणि अर्ध्या तासाने एकेक मूठ उचलून, मनगट पिळवटून, शेवटचा थेंब पडेपर्यंत पिळायच्या. मी पिळलेली मूठ त्यांनी एकदा परत हातात घेतली आणि तिच्यातून आणखी चमचाभर पाणी काढून दाखवले. त्यावर त्या काही बोलल्या नाहीत, मुठीखालची वाटी तेवढी माझ्यापुढे सरकवली.

वास येतो, नाकारण्यात अर्थ नाही, पण तो बराचसा पिळलेल्या पाण्याबरोबर जातो आणि उरलेला कांद्यासह तेलावर परतल्यावर सौम्य होतो. आपल्याकडचा लांब पांढरा मुळा अधिक पाणीदार असल्यामुळे त्याचा कीस जास्त घ्यावा लागतो. एक किलो मुळ्यातून पिळून-परतून माझ्या हाती निम्म्याहूनही कमी सारण उरते. त्यात चतुर्थांश उकडलेला बटाटा मिसळला तर नवशिक्यालाही भरणे सोपे जाते. मुळ्याच्या पराठ्याशी परिचय असणाऱ्यांनी ओवा, मिरची घालण्याचा मोह पहिल्या वेळी तरी टाळावा: या सारणाचा गोडसर तिखटपणा मुळ्याचाच असतो आणि तो मसाल्याखाली दबतो.

७. मांस, अंडे, दूध यांपैकी काहीही नको. रशियन परंपरेत असा प्रकार आहे का?

आहे, आणि तो या यादीतील सर्वांत रुचकर आहे, असे माझे मत आहे. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती पंचांगात काटेकोर पाळणाऱ्यांसाठी वर्षातले दोनशेच्या आसपास दिवस उपवासाचे येतात. ईस्टरपूर्वीच्या सुमारे सात आठवड्यांच्या मोठ्या उपवासात मांस, अंडी आणि दूध तिन्ही वर्ज्य असतात. (तिथ्या सांभाळणे किती महत्त्वाचे होते याची एक साक्ष आपल्याच मातीत आहे: पंधराव्या शतकात चौलला उतरलेला आणि पावसाळ्यात जुन्नरला अडकून पडलेला त्वेरचा व्यापारी अफनासी निकितिन, पुस्तके लुटली गेल्यामुळे आपल्याला उपवास आणि ईस्टर कधी हे कळत नाही, अशी खंत नोंदवून गेला आहे.)

अशा दिवसांसाठीचा पदार्थ म्हणजे कुंद्यूमी. सोळाव्या शतकापासून ज्ञात असलेला हा प्रकार पेल्मेनीचा भाऊ म्हणावा असा आहे. उकडीच्या कणकेची पारी (प्रश्न ४), आत वाळवलेली अळंबी आणि शिजवलेले कुट्टूचे दाणे, परतलेला कांदा. फरक शिजवण्यात आहे. कुंद्यूमी कच्ची उकळत नाहीत. आधी ती २०० अंश सेल्सिअसला सुमारे १५ मिनिटे, फिकट सोनेरी होईपर्यंत भाजतात. मग मातीच्या भांड्यात रचून, अळंबी भिजवलेल्या पाण्याचा कढत रस्सा, लसूण, मिरी आणि शेपू घालून, झाकण लावून आणखी १५ ते २० मिनिटे भट्टीत मुरवतात. भाजलेली पारी रस्सा पिते पण विरघळत नाही, आणि आतल्या कुट्टूला अळंबीचा वास लागतो.

अळंबी वाळवलेलीच घ्यावीत. ताज्या पांढऱ्या अळंब्यांचा रस्सा फिका होतो आणि सारणालाही पाणी सुटते.

८. कुंद्यूमीसाठी उपवासाचे कुट्टूचे पीठ वापरले तर?

सारणासाठी नाही, त्याचा चिकट लगदा होईल. अख्खे, सोललेले दाणे घ्यावेत. रशियात ते बहुधा भाजलेले, तपकिरी रंगाचे मिळतात. येथे फिकट, न भाजलेले मिळाले तर कोरड्या कढईत मंद आचेवर रंग बदलेपर्यंत भाजावेत आणि दुप्पट पाण्यात मोकळे शिजवावेत.

९. तातार लोक पेल्मेनीत भांगेच्या बिया घालतात, असे कझानमधील मित्राने सांगितले. तो थट्टा करत होता का?

थट्टा नव्हती. तातार स्वयंपाकात हे सारण नोंदलेले आहे. बिया भाजून खलबत्त्यात कुटतात, चाळून टरफले काढतात आणि तो तेलकट, खमंग कूट उकडलेल्या बटाट्यात मिसळतात. चव तीळ आणि अक्रोड यांच्या मधली लागते. बियांना नशा नसते. उत्तराखंडात त्यांची चटणी करतात हे अनेकांना माहीत असेल. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०२१ मध्ये या बियांना अन्नपदार्थ म्हणून मान्यता दिली असल्यामुळे परवानाधारक विक्रेत्याकडून, खाण्यासाठी असे लिहिलेले पाकीट घ्यावे. पाने किंवा फुले हा निराळा विषय असून त्याचा पेल्मेनीशी संबंध नाही.

१०. माशाचे सारण कोरडे का होते, आणि मुंबईत कोणता मासा घ्यावा?

कोरडे होते ते चरबीअभावी. सायबेरियातील नद्यांतला पाईक मासा किंवा अतिपूर्वेकडील गुलाबी सामन हे दोन्ही कमी चरबीचे आहेत, म्हणून तेथे किलोभर माशात १५० ते २०० ग्रॅम डुकराची चरबी किंवा लोणी मिसळतात. लोणी गोठवून किसून घालावे. ते सारणात कणाकणाने राहते आणि शिजताना वितळून रस होते. कांदा कच्चा न घालता लोण्यावर मऊ करून घालावा, कारण पेल्मेन जेवढ्या वेळात शिजतो तेवढ्यात कच्च्या कांद्याचा उग्रपणा जात नाही आणि माशावर तो चटकन चढतो. सोबत शेपू हवाच.

मुंबईत रावस उत्तम. इंग्रजीत त्याला ‘भारतीय सामन’ म्हणून विकतात, पण त्याचे सामनशी नाते नाही; सारणाला मात्र तो चांगला धरतो. सुरमईही चालते. बोंबील कितीही प्रिय असला तरी नको: प्रश्न ५ मध्ये सांगितलेला पाण्याचा सगळा त्रास त्या एका माशात एकवटलेला आहे. खिमा यंत्रातून दोनदा काढावा, म्हणजे बारीक काटे उरत नाहीत.

रशियात राहणाऱ्यांसाठी एक सूचना. ओब आणि इर्तिश नद्यांच्या खोऱ्यातील कार्प कुळातील माशांतून यकृतात शिरणाऱ्या चपट्या कृमींची लागण होते, आणि या रोगाचा तो मोठा प्रदेश मानला जातो. म्हणून नदीच्या माशाचे सारण कच्चे चाखून मीठ पाहू नये. चमचाभर तव्यावर शिजवून पाहावे.

११. अस्वलाच्या किंवा रेनडियरच्या मांसाच्या पेल्मेनी खाण्याजोग्या असतात का?

रेनडियर उत्तरेकडे पाळीव आहे, आणि यामालसारख्या भागांत त्याचे मांस नेहमीच्या जेवणातले आहे. ते फार चरबीहीन असल्यामुळे त्यात डुकराची चरबी मिसळतात. एल्क हरणाचेही तेच.

अस्वलाची गोष्ट वेगळी. त्याच्या मांसात त्रिकिनेला नावाच्या सूत्रकृमीच्या अळ्या असू शकतात. डुकरात आढळणारी जात खोल गोठवल्यावर मरते, म्हणून ‘आमचे मांस महिनाभर गोठवलेले आहे’ हे आश्वासन अनेकांना पुरेसे वाटते. पण उत्तर ध्रुवाकडील वन्य प्राण्यांत आढळणारी जात गोठूनही जिवंत राहते. पशुवैद्यकीय तपासणी झालेले मांस आणि मध्यभागी ७१ अंशांवर पोहोचलेली उष्णता, या दोन्ही गोष्टी असल्याखेरीज ते खाऊ नये. चवीपुरते बोलायचे तर ते गडद, किंचित गोडसर आणि चिवट असते. प्रवासी ते बहुधा सांगण्यासाठी खातात, असे मला वाटते. भारतात हा प्रश्नच उद्भवत नाही: १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अस्वल किंवा हरीण मारणे गुन्हा आहे.

१२. वसंतात पेर्मच्या बाजारात ‘पिस्तिकी’ दिसतात. त्या स्वतः तोडून आणल्या तर चालेल का?

पिस्तिकी म्हणजे शेतातील अश्वपुच्छ वनस्पतीचे वसंतात जमिनीतून निघणारे फिकट तपकिरी कोंब. कोमी-पेर्म्याक आणि उदमुर्त लोक ते चिरून, अंडे किंवा साय घालून पुऱ्या-पेल्मेनीसारख्या पदार्थांत भरतात. चव मातकट, थोडी अळंबीकडे झुकणारी. ओळख नसताना स्वतः तोडू नयेत, कारण दलदलीत वाढणारी त्याच कुळातील दुसरी वनस्पती विषारी आहे. बाजारातून विकत घेतलेलेही नीट शिजवूनच खावेत.

रानलसणाची पाने (चेरेम्शा) त्या मानाने निर्धोक आणि सोपी. बाजारातून घेऊन, चिरून खिम्यात मिसळावीत. खाजकुइली नव्हे, तर उत्तरेकडील आग्या पाला, म्हणजे रशियन ‘क्रापीवा’, दागेस्तानात कुर्झे नावाच्या पदार्थात भरतात. कुर्झेची कड पाहिली की मराठी माणसाला लगेच घरची आठवण होते, कारण ती थेट करंजीच्या मुरडीसारखी वेणी घालून बंद केलेली असते. ज्यांना मुरड घालता येते त्यांनी ओलसर सारणाला तीच घालावी. साध्या दाबलेल्या कडेपेक्षा ती अधिक टिकते.

१३. कच्चे, पातळ अंडे पारीत भरलेले मी खाल्ले आहे. ते आत टिकते कसे?

तो पेल्मेनीचा उझबेक नातेवाईक, ख्वारेझ्म प्रांतातील तुखुम-बराक. खिवाला गेलेल्यांना तो भेटतोच. येथे प्रश्न ५ मधले सगळे नियम उलटे होतात: सारण जवळजवळ पाणीच असते आणि ते सुकवायचे नसते, तर ते झिरपण्याच्या आत शिजवायचे असते.

कणकेची लांब पट्टी दुमडून दोन बाजू दाबतात आणि वरचे तोंड उघडे असलेली पिशवी करतात. फेटलेली अंडी, थोडे दूध, मीठ आणि तेल यांचे मिश्रण तिच्यात दोन-तीन चमचे ओततात, तोंड चिमटीत दाबतात आणि त्याच क्षणी पिशवी उकळत्या पाण्यात सोडतात. अंडे काही सेकंदांत कडेला थिजते आणि मग गळण्याचा धोका संपतो. ओतणारा एक आणि दाबून सोडणारा दुसरा अशी जोडी असावी, आणि दोघांनी चुलीजवळच उभे राहावे. पोळपाट ते पातेले हे अंतर चार पावलांचे असेल तर वाटेतच अंडे बोटांवर येते. मी पहिल्यांदा केलेल्या डझनभरांपैकी पाचच पातेल्यात पोहोचली.

१४. चॉकलेट, चेरी किंवा पुरण भरले तर?

पोटात जाईल आणि आवडेलही, पण त्याला पेल्मेनी म्हणण्याचे कारण नाही. गोड सारणाचे घर वारेनिकी हे आहे (प्रश्न ३). पुरणासाठी आपल्याकडे दिंडे आहेत, आणि ती अधिक चांगली लागतात.

१५. पनीर किंवा आपला मसालेदार खिमा चालेल का?

पनीर चालते, पण एकटे नको, कारण ते वितळत नाही आणि रसही सोडत नाही. पिळून परतलेल्या पालकाबरोबर आणि थोड्या लोण्याबरोबर ते ठीक होते. मसालेदार खिमा आधी शिजवून भरला तर तो मोकळा, कोरडा होतो आणि पेल्मेनीचा मुख्य आनंद, म्हणजे चावताच तोंडात येणारा रस, नाहीसा होतो. मसाला हवाच असेल तर तो कच्च्या खिम्यात मिसळावा, आणि आले-लसूण वाटताना आलेले पाणी बर्फगार पाण्याच्या प्रमाणातून वजा करावे.

१६. जुना ॲल्युमिनियमचा साचा वेगळ्या सारणांना वापरता येतो का?

सोव्हिएत घराघरांत असलेल्या त्या षटकोनी घरांच्या साच्यात एका वेळी ३७ पेल्मेनी होतात. खालची पारी पसरून खळग्यांत सारण ठेवतात, वर दुसरी पारी घालतात आणि लाटणे फिरवतात. कच्च्या खिम्याला आणि माशाला तो उत्तम. कुट्टू, मुळा अशा धागेदार किंवा दाणेदार सारणाला नको, कारण एखादा दाणा कडेवर आला की लाटण्याखाली पारी तेथेच चिरते.

१७. कोणती सारणे गोठवून ठेवता येतात?

कच्चे मांस चांगले गोठते. घरच्या फ्रीजरमध्ये दोन-तीन महिने. मासा एक महिना. आंबट कोबी आणि अळंबी चालतात. मुळ्याला गोठून वितळताना पुन्हा पाणी सुटते आणि बटाटा रवाळ होतो, म्हणून त्या पेल्मेनी त्याच दिवशी खाव्यात. तुखुम-बराक गोठवण्याचा विचारही करू नये.

गोठवताना मैदा भुरभुरलेल्या ताटात एकमेकांना न लागता मांडाव्यात आणि दगडासारख्या झाल्यावरच पिशवीत भराव्यात. शिजवताना वितळवू नयेत. तशाच पाण्यात सोडाव्यात.

१८. शिजल्या हे कसे ओळखावे?

पाणी भरपूर, खारट आणि खळखळते असावे. सोडल्यावर एकदा हळूच ढवळावे, म्हणजे तळाला चिकटत नाहीत. वर तरंगू लागल्यापासून कच्च्या मांसाच्या ताज्या पेल्मेनींना ४ ते ५ मिनिटे, गोठलेल्यांना ६ ते ८, माशाच्यांना ३ ते ४ आणि आधीच शिजलेल्या भाजीच्यांना २ मिनिटे पुरतात. शिकारीच्या मांसाला १० मिनिटे द्यावीत. कारण प्रश्न ११ मध्ये दिले आहे. शंका असल्यास एक काढून कापून पाहावा. तरंगणे म्हणजे शिजणे नव्हे. आत अडकलेली हवाही त्यांना वर आणते.

१९. ‘शकुनाचा’ पेल्मेन म्हणजे काय, आणि त्यात काय भरतात?

नववर्षाच्या सुमारास किंवा घरी बरीच माणसे जमली असता एका पेल्मेनमध्ये मुद्दाम भलतेच काही भरतात: चमचाभर मिरपूड, मीठ, साखर किंवा नुसतीच कणीक. तो ज्याच्या ताटात येईल तो नशीबवान. कोणत्या वस्तूचा अर्थ काय, हे घरागणिक बदलते. काही घरांत नाणे घालतात; दाताचा विचार करता मिरी बरी. तिखट पेल्मेन खाणाऱ्याने चेहरा न बदलता तो गिळायचा आणि बाकीच्यांनी ओळखायचे, असा खेळ आम्ही करत असू.

२०. तातार लग्नातील ‘जावयाच्या पेल्मेनी’ कशा असतात?

‘कियाऊ पिल्मेने’ म्हणजे अक्षरशः जावयाच्या पेल्मेनी. नवरदेव सासरी येतो तेव्हा त्याला आणि त्याच्या सोबत्यांना त्या रश्शात वाढतात. त्यांचे वेगळेपण सारणात नसून आकारात आहे: जितक्या लहान, तितके सासरच्या बायकांचे हात कसबी. अधिक महिन्यात जावयाला धोंडे वाढणाऱ्या घरांना यात नवल वाटू नये. पारी ३ सेंटिमीटरची घ्यावी आणि सारण वाटाण्याएवढे.

२१. स्मेताना, म्हणजे रशियन आंबट घट्ट साय, येथे मिळत नाही. दही चालेल का, आणि रश्शात आपले तमालपत्र?

नुसते दही गरम पेल्मेनींवर पाणी सोडते. रात्रभर टांगलेला चक्का आणि ताजी साय समप्रमाणात घोटली की स्मेतानाच्या बऱ्याच जवळ जाता येते. माशाला आणि मांसाला सौम्य व्हिनेगर व मिरपूडही शोभते, मुळ्याला फक्त स्मेताना, आणि कुंद्यूमीला काहीच नको.

तमालपत्राबाबत: रशियन पाककृतीत जे पान असते ते भूमध्य प्रदेशातील लॉरेलचे. आपले तमालपत्र दालचिनीच्या कुळातले असून त्याचा वास वेगळा आहे. खिम्याच्या रश्शात एखादे पान खपून जाते. माशाच्या रश्शात ते घालू नये.

२२. सारण संपते आणि कणीक उरते, किंवा उलट. काय करावे?

उरलेली कणीक लाटून, बोटभर रुंद पट्ट्या कापून, त्याच रश्शात उकळावी. वर कांदा परतून घालावा. उरलेल्या खिम्याचे चपटे गोळे तव्यावर तळावेत. मुळ्याचे सारण उरले तर दुसऱ्या दिवशी पोळीत भरून पराठा करावा, आणि तेव्हा ओवा-मिरची घालण्यास माझी हरकत नाही.